एक लाख मिनिटं आणि एक डुक्कर

आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी डुकराचा मुका घेणार, हे फेब्रुवारीतच ठरून गेलं होतं. डुक्कर ठरलं, हॉल ठरला, साप्ताहिकाचा फोटोवालाही ठरला. मुलांनी वाचायचं तेवढं राहिलं होतं.

मार्च म्हणजे शाळेचा वाचन महिना. पहिली ते चौथीच्या दोनशे मुलांनी मिळून घरी एक लाख मिनिटं वाचायची. प्रत्येकाला एक गुलाबी कागद. त्यावर रोजची मिनिटं लिहायची, खाली आईची नाहीतर बापाची सही. लाख भरले की मिस्टर हॅफनर सगळ्यांसमोर डुकराचा मुका घेणार. ज्या वर्गाची मिनिटं जास्त, त्या वर्गाला पिझ्झा. आणि हे सगळं कशासाठी, तर मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून. गोडी वाचनातच असते, तिच्यावर वेगळं चीज पसरावं लागत नाही, हे कुणाला सुचलं नाही. कसं सुचणार? ज्यांनी हे ठरवलं त्यांनी ती कधी चाखलीच नव्हती. मिस्टर हॅफनरांच्या ऑफिसात एक पुस्तकांचं कपाट आहे. त्यात कुस्तीच्या ट्रॉफ्या आहेत.

आमच्या आयोवा राज्यात माणसांपेक्षा डुकरं जास्त. वाचनाच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही, असं मी त्या महिन्यानंतर म्हणायला लागले. नवरा म्हणतो, "ब्रेना, हळू बोल, डुकरांना राग येईल."

माझी आयडा दुसरीत आहे. सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेला, आणि त्या फटीतून वाचताना हवा जाते. ती सावकाश वाचते. शब्दाखाली बोट ठेवते, शब्द तोंडात घोळवते, मग गिळते. तिच्या वाट्याला वर्गातल्या पिवळ्या टोपलीतलं एक पातळ पुस्तक आलं होतं. एका बाईची बादली विहिरीत पडते, एवढीच गोष्ट. संध्याकाळी मी बटाटे सोलत असायचे, तिचा धाकटा भाऊ गस माझ्या पायाशी भांडी बडवत असायचा, आणि आयडा टेबलाशी बसून वाचायची. मिनिटं मोजायला मी ओव्हनचं घड्याळ लावायचे.

"आई, थांब. घड्याळ बंद कर."

"का गं? झालं?"

"नाही. आता मी वाचत नाहीये, विचार करतेय. ते मिनिटांत धरायचं नाही."

"कसला विचार?"

"बादली खाली एकटी आहे. बाई वरून हाका मारतेय. पण बादलीला कुठे कान असतात?" ती थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली. "कडी असते. कडीला कान म्हणता येईल का?"

मी घड्याळ बंद केलं. बटाटे तसेच राहिले. बादलीला ऐकू येत असेल का, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. गसने भगुलं डोक्यात घालून आपलं मत दिलं. मग आयडाने घड्याळ पुन्हा लावायला सांगितलं आणि आणखी दोन ओळी वाचल्या. त्या दिवशीची एकूण मिनिटं सात. तिने स्वतः पेन्सिलीने सात लिहिले, आकड्याला नीट पाय काढला, आणि मी सही केली.

शाळेत वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचं एक कागदी डुक्कर चिकटवलेलं होतं. मिनिटं वाढतील तसं ते वर सरकायचं. दोन आठवड्यांत बाकीची डुकरं छताला टेकली. आयडाचं डुक्कर कचऱ्याच्या डब्याशेजारी होतं. तिची बाई मिस प्रूइट, नोकरीचं पहिलंच वर्ष, मला म्हणाली, "तुम्ही घरी जरा जोर लावा ना." मी विचारलं, "कशावर?" ती बिचारी लाल झाली आणि तिने मला आणखी एक गुलाबी कागद दिला.

जोर कसा लावतात, ते मला शुक्रवारी दुपारी कळलं. शाळा सुटायच्या आधी आम्ही सगळ्या आया गाड्यांची रांग लावून बसतो. मी गसला पाजत होते. काचेवर टकटक झाली. ट्रिशा व्हॅनडरवील. पालक समितीची अध्यक्ष. डुकराची कल्पना तिचीच. तिचा केड आयडाच्या वर्गात, आणि त्याचं डुक्कर छताला लागून आता आडवं निघालं होतं.

"अगं ब्रेना, एक काळं पेन आहे का? माझं निळं आहे."

"निळ्याला काय झालं?"

"सोमवार मंगळवार निळ्याने भरलेत. बुधवारही निळाच आला तर एका बैठकीत भरल्यासारखं दिसेल ना." आणि ती हसली. लाजून वगैरे नाही. चांगली युक्ती शेजारणीला सांगताना हसतात, तशी.

मी रांगेकडे पाहिलं. पुढच्या गाडीत स्टिअरिंगवर गुलाबी कागद. तिच्या पुढच्या गाडीत गुलाबी कागद. एक आजोबा मांडीवर कागद ठेवून नातवाच्या आईची सहीसुद्धा गिरवत होते.

"केड रोज नव्वद मिनिटं वाचतो?" मी विचारलं.

"कुस्तीच्या सरावाला जातो ना तो, तिथे भिंतीवर नियम लिहिलेत. शिवाय रस्त्यावर पाट्या असतात. मी सगळं धरते."

"आणि झोपेत?"

"तू पण ना!" तिने माझ्या दंडावर चापट मारली. "हे बघ, तुझ्या आयडामुळे आपला वर्ग मागे आहे. पोरं बोलायला लागलीत. तुझ्याकडे पेन आहे, हात आहे. मुलीसाठी एवढं करशील की नाही?"

मी तिला पेन दिलं. तेव्हाच काच वर करायला हवी होती.

पुढच्या सोमवारी आयडा घरी आली. बूट काढले, ओळीत लावले, पुस्तक दप्तरातून काढून सोफ्याखाली सरकवलं. मी विचारलं तर म्हणाली, "केड म्हणाला, मी कमी वाचणारी आहे. माझ्यामुळे कुणाला पिझ्झा मिळणार नाही."

"आणि बादलीचं काय?"

"राहू दे तिला तिथे."

सांगायला नको, पण मी त्या पोरावर मनातल्या मनात काय काय ओतलं, ते लिहिण्याजोगं नाही. त्याच्या आईवर तर बादलीसकट. आणि त्यानंतर मी काय केलं? पेन उचललं. सोमवार चाळीस. मंगळवार पंचेचाळीस. बुधवार चाळीस. गुरुवार, दिवस उजाडायच्या आत, ऐंशी. पेनंसुद्धा बदलली. मला वाटलं, तिचं डुक्कर वर गेलं की ती पुस्तक काढेल. मी तिच्या मदतीला धावले होते, आणि ट्रिशा ज्या वाटेने धावते तीच वाट धरून.

गुरुवारी जेवणाआधी आयडा दूध काढायला फ्रिजकडे गेली आणि तिथेच थांबली. गुलाबी कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला होता. ती त्याच्याकडे बघत होती. बोट लावलं नाही. शब्द घोळवला नाही.

"सोमवार, चाळीस. मंगळवार, पंचेचाळीस. बुधवार, चाळीस. गुरुवार, ऐंशी," तिने वाचलं. अडखळली नाही, कुठेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी सरळ एका दमात वाचलं, आणि ते तिच्या आईचं खोटं होतं.

"हे कुणी वाचलं?"

मी ताटं मांडत राहिले.

"आई, सोमवारी मी गसच्या आंघोळीला पाणी ओतत होते. मंगळवारी आपण आजीकडे होतो. मी वाचलंच नाही."

"अगं, सगळ्यांच्याच आया..." मी म्हणाले आणि माझ्या तोंडून ट्रिशाचा आवाज आला. तिचा तो गोड, गुळमुळीत आवाज.

आयडा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हिशोब समजून घेत होती. "म्हणजे मी वाचलं काय आणि नाही वाचलं काय, सारखंच. तू लिहितेसच."

कर्टने, माझ्या नवऱ्याने, टेबलावरून मान वर केली. जेवण झाल्यावर मला हळूच म्हणाला, "दे सोडून. डुकराचा मुका हॅफनर घेणार आहे, तू नाही."

पण मला मुका घेतल्यासारखंच वाटत होतं. तोंडाला चव नव्हती. मला डुकराचं, पिझ्झाचं, लाखाचं काही नव्हतं. माझ्या लेकीने सोफ्याखालून ते पुस्तक पुन्हा काढावं, एवढंच मला हवं होतं. आणि आता तिने ते का काढावं, याचं एकही कारण मी तिच्यापाशी शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या संध्याकाळी गुलाबी कागद मी दप्तरात घातला नाही. पण उपयोग काय? शेवटचा आठवडा म्हणून मिस प्रूइट रोज सकाळी घरून आलेल्या चिठ्ठ्यांवरून आकडे उतरवून घेत होती, आणि आयडाच्या चिठ्ठ्या, ऐंशीचीसुद्धा, मीच बंद पाकिटात घालून तिच्याबरोबर पाठवल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी मी गसला कडेवर घेतलं, आयडाचा हात धरला आणि शाळेत गेले. दारातच टेबल मांडून ट्रिशा बेरीज करत बसली होती. गळ्यात गुलाबी मफलर, कानात डुकराचे डूल.

"एक लाख एकशे चाळीस!" तिने आम्हाला बघताच ओरडून सांगितलं. "झाले गं, झाले!"

"त्यातले दोनशे पाच काढ," मी म्हणाले. "आयडाचे. मी खोटे लिहिलेत."

ट्रिशाने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "हळू बोल की! वेडी आहेस का तू?"

"काढ म्हणते ना."

"मग लाख होत नाहीत!"

"मग नाही होत."

"अगं, डुक्कर निघालंय घरून! रस्त्यात आहे ते!"

एवढ्यात मिस्टर हॅफनर आले. डुकरांची चित्रं असलेला टाय, ओठांवर कसलीशी क्रीम चोपडलेली. ट्रिशाने त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं, म्हणजे माझ्याविरुद्ध. त्यांनी आम्हा तिघांकडे अशा मायेने पाहिलं, की मला गसला त्यांच्या टायवर ओकायला सांगावंसं वाटलं.

"ब्रेना, तुमचा प्रामाणिकपणा फार मोठा आहे," ते म्हणाले. "पण आपण गोल आकडा धरू. एक लाख. मुलांना आकडा लक्षात राहायला सोपा." मग आयडासमोर उकिडवे बसले. "काय मग, मी डुकराचा मुका घेतलेला बघायचाय ना तुला?"

"डुकराला विचारलंत का?" आयडाने विचारलं.

मिस्टर हॅफनर हसले, उठले आणि गेले. मी टेबलावरचं निळं पेन घेतलं, आयडाच्या नावापुढचे सगळे आकडे खोडले आणि बाजूला सही केली. ट्रिशा म्हणाली, "खोड हवं तेवढं, मी काही बदलणार नाही." आयडा माझ्या हाताकडे बघत होती. वर्गाकडे जाताना दोन पावलं गेल्यावर मागे वळून तिने गसच्या पायाचा अंगठा ओढला. मला तेवढं पुरलं नाही, पण मी ते घेतलं.

दुपारी हॉलमध्ये दोनशे मुलं मांड्या घालून बसली. दुसरी सगळ्यात पुढे. मधोमध लाकडी पेटी. व्हर्न म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांनी ती ट्रकमधून आणून ठेवली आणि ते ट्रक फाटकातून हलवायला बाहेर गेले. पेटीच्या जाळीआड एक मध्यम अंगाचं, ठिपक्यांचं डुक्कर कोपऱ्यात दबून उभं होतं. जाळीवर एक पुठ्ठा बांधलेला होता आणि त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी भिंतीशी उभी होते, मला तिथून वाचता येत नव्हतं. पण शिक्षिका पेटीच्या दोन हातांवर उभ्या होत्या. ट्रिशा तर पुठ्ठ्याला टेकून फोटो काढून घेत होती. मिस्टर हॅफनरांनी माइक हातात घेतला तेव्हा तो पुठ्ठा त्यांच्या नाकासमोर होता.

"एक लाख मिनिटं!" ते ओरडले. "कोण म्हणतं आपली मुलं वाचत नाहीत?"

मुलं किंचाळली. ट्रिशाने टाळ्यांचा ठेका धरला, आणि दोनशे पोरं ओरडायला लागली, "मुका! मुका! मुका!"

एकच तोंड वेगळं हलत होतं. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरं. आयडाने बोट हवेत धरलं होतं आणि ती पुठ्ठ्यावरच्या पहिल्या ओळीखालून ते सावकाश सरकवत होती. ओठ पुढे येत होते, मागे जात होते. ओळ संपली. ती उठली, मिस प्रूइटकडे गेली आणि तिची बाही ओढली.

"मिस, तिथे लिहिलंय..."

"खाली बस, राणी. मागच्यांना दिसत नाही."

"पण तिथे लिहिलंय, ओर..."

"आयडा. खाली."

आयडा बसली. आणि दुसरी ओळ वाचायला लागली. मी गसला घट्ट धरलं.

डुक्कर कोपरा सोडेना. मिस्टर हॅफनरांनी जाळी उघडली, गुडघे टेकले, ओठ पुढे काढले आणि डोळे मिटले. ट्रिशा पेटीच्या मागे गेली आणि तिने फळीवर दोन्ही हातांनी धाडधाड बडवलं.

पुढचं मी फार आनंदाने सांगते. डुक्कर सुटलं ते मिस्टर हॅफनरांच्या नाकावर आदळून, डाव्या खांद्यावरून. ते उताणे पडले. माइक शिट्टी मारत घरंगळत गेला. डुक्कर चौथीच्या रांगांमधून गेलं, फोटोवाल्याच्या तिकाटण्यातून गेलं, एक फेरी मारून परत आलं आणि ट्रिशाच्या पायातून जाताना तिला थोडं अंतर पाठमोरी घेऊन गेलं. केड खुर्चीवर चढून आईला हाका मारत रडत होता. शेवटी डुक्कर भिंतीलगत अर्धवट दुमडून ठेवलेल्या लाकडी बाकांच्या खाली घुसलं. त्याच्यामागे सहा मोठी माणसं झाडू, जाळं आणि हुलाहूपची कडी घेऊन धावली. ती जितकी ओरडत, तितकं ते आत जाई. मिस प्रूइटने पोरांना ओळी करून वर्गात न्यायला सुरुवात केली.

आयडा ओळीत गेली नाही. ती पेटीपाशी गेली, जाळीवरच्या पुठ्ठ्यासमोर उभी राहिली आणि तिसरी ओळ वाचायला लागली. कारण ती राहिली होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तेव्हा मला ते अक्षर दिसलं.

*ओरडू नका, तो घाबरतो. मागून आवाज करू नका. खाली बसा आणि वाट बघा, मग तो आपणहून येतो.*

मी वाचून कधीच संपवलं होतं. तोंड मिटून थांबले. तिने "आप... आपण... आपणहून" केलं, मान हलवली, मग थोडा वेळ विचार केला. तो कुणी मिनिटांत धरला नाही. मग बाकांपाशी गेली आणि जमिनीवर बसली.

हुलाहूपवाली माणसं दमून दमून थोड्या वेळाने बाजूला झाली. मिस्टर हॅफनर नाकाला बर्फ लावायला ऑफिसात गेले. ट्रिशा केडला घेऊन गाडीत जाऊन बसली. हॉल शांत झाला. मीही गसला मांडीवर घेऊन खाली बसले. किती वेळ गेला, मी बघितलं नाही. बाकांखालून आधी एक ओलं नाक आलं. मग कान. मग सगळं डुक्कर आलं, आणि आयडाच्या बुटाची नाडी हुंगायला लागलं. गसने श्वास रोखून त्याला बघितलं.

व्हर्न दारातून आत आले आणि टोपी हातात घेऊन थांबले.

"कुणी सांगितलं गं तुला असं बसायला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," आयडा म्हणाली. "लिहिलंय ना."

"माझं अक्षर लागलं तुला? माझ्या बायकोला नाही लागत."

"वेळ लागला."

"मग? घाई कुणाला होती?" व्हर्न म्हणाले आणि डुकराच्या मानेवर हात ठेवून त्याला पेटीकडे घेऊन गेले. जाताना मिस्टर हॅफनरांच्या माइकला बुटाने बाजूला सारलं.

साप्ताहिकात बातमी आली: विद्यार्थ्यांनी वाचली एक लाख मिनिटं. फोटोत मिस्टर हॅफनर प्लास्टिकच्या डुकराचा मुका घेताहेत. नाकावर पट्टी आहे, ती कशामुळे ते लिहिलेलं नाही. पिझ्झा आयडाच्याच वर्गाला मिळाला, खोडलेल्या आकड्यांसकट. तिने तिच्या वाट्याचा तुकडा गससाठी रुमालात बांधून आणला.

पण ते नंतर. त्या शुक्रवारी घरी आल्यावर आयडाने फ्रिजवरचा गुलाबी कागद काढला, उलटा केला आणि टेबलाशी बसून लिहायला लागली. मी बटाटे सोलत होते. घड्याळ लावलं नाही. तिने जीभ दाताच्या फटीत घालून बराच वेळ लिहिलं, आणि मग कागद माझ्यापुढे सरकवला.

*शुक्रवार. डुकराच्या पेटीवरचा पुठ्ठा. सगळा वाचला. किती मिनिटं ते माहीत नाही.*

"सही कर," ती म्हणाली. "हे खरं आहे."

मी हात पुसले आणि सही केली. तिने ती तपासली. मग जमिनीवर पालथी पडली, हात लांब करून सोफ्याखाली चाचपलं, आणि धुळीने भरलेलं पुस्तक बाहेर ओढलं.

"बादली अजून खालीच आहे," ती गसला म्हणाली. "ये इकडे. गप्प बस म्हणजे ऐकू येईल."